चौदाशे पन्नास

उद्यमबागेत, रात्रपाळीच्या दुसऱ्या चहानंतर
भट्टीचा हिरवा दिवा लागला
आणि बसवण्णी मुचंडींनी लॅडल हलवलंच नाही.
निळ्या काचेतून वाकून बघितलं.
"अजून लालच आहे हे," म्हणाले,
"पांढरं कुठं झालंय? तुझा दिवा कायबी सांगू दे."

मीटरवर नऊशे ऐंशी होते.
हवे होते चौदाशे पन्नास.
दोन्ही आकडे बाहेरून मजकूर म्हणून आलेले,
आणि मजकुराच्या रांगेत
पहिला कोण उभा आहे तेवढंच बघतात,
मागं कितीजण आहेत ते कुणी मोजत नाही.
नऊ एकापेक्षा थोर.
म्हणून हिरवा.

जुनी स्क्रिप्ट गजानन देसूरकरची.
पुण्याला जाताना तो एवढंच म्हणाला होता:
चालतंय, हात लावू नकोस.

मी हात लावला.

नवी भाषा घेतली. स्क्रिप्टचीच, लहानशी,
पण कोगनोळीच्या नाक्यासारखी:
गाडीत काय आहे ते आधी सांगा.
भोवतालातून येतं ते सगळं अक्षरांतच येतं,
तापमान, पोर्टचा नंबर, पंखा चालू की बंद,
सगळ्यांच्या अंगावर एकच गोणपाट.
गोणी सोडायची ती इथं, दारात.
संख्या निघाली तर संख्या म्हणून नोंद,
नाही निघाली तर गाडी परत.
एकदा आत आल्यावर मात्र
कुणी कुणाला पुन्हा विचारायचं नाही, तू कोण.

पहिल्याच दिवशी नाक्यावर खोळंबा.
सकाळपाळीचं 1450 सरळ आत गेलं.
दुपारी शिवानी काकतकरनं टॅबवर भरलेलं १४५०,
त्याला उत्तर: ही संख्या नाही.
रात्रीचं ೧೪೫೦, तेही अडलं.
निदान शून्य तरी बघ, मी पडद्याला म्हटलं,
तिन्हीकडं गोलच आहे की.
दिसायला गोल.
आत प्रत्येकाचा क्रमांक निराळा,
आणि ही भाषा चेहरा ओळखत नाही.

कानडी आकडे मला सलग दहा येत नव्हते.
बसवण्णींनी साच्याच्या काळ्या वाळूत
बोटानं काढून दाखवले.
सात दोनदा काढला, पहिला वाकडा आला म्हणून.
"शाळेत नव्हतं काय गे तुला कानडी?"
"होतं. पास होण्यापुरतं."
ते हसले. वाळू तळहातानं सपाट केली.
मी वीस ओळींचा तक्ता लिहिला,
दहा तुमचे, दहा आमचे,
आणि लिहून झाल्यावर
तुमचे आमचे ही दोन नावं बदलून टाकली.

पंख्याच्या जागी कुणीतरी भरलं होतं: हौद.
होय म्हणजे हौद, हे इथं
कुत्र्यालाही कळतं.
भाषेनं विचारलं, खरं की खोटं?
जुन्या स्क्रिप्टला हे प्रश्न पडायचे नाहीत.
'बंद' लिहिलं तरी ती पंखा चालू ठेवायची;
काहीतरी लिहिलंय ना, बास.

साडेचार वाजले तेव्हा एकच जागा उरली होती:
दिव्याखालचा संदेश कोणत्या भाषेत दाखवायचा.
टाइप ठरलेला, मजकूर.
किंमत मी भरली नाही.
न दिलेलं आणि रिकामं दिलेलं
यांत ही भाषा फरक करते,
मला तो रात्रभर नीट करता आला नाही.
डिफॉल्ट टाक एखादं, गजाननचा मेसेज आला.
एखादं म्हणजे कुठलं?

"काय करूलीस गे अजून?" मागून आवाज.
मी जागा दाखवली.
त्यांनी चष्मा वर करून वाचलं, बराच वेळ.
"राहू दे मोकळी," म्हणाले.
"दिवा तर लागतोय."

लागला. हिरवा.
ते आधी निळ्या काचेतून बघून आले.
मग लॅडल हललं.